पायडलवरची पावलं

३ फेब्रुवारी, सोमवार

पट्टे! माझ्या नातवंडांच्या पायांत आज पट्टे बांधले. निळे, घड्याळासारखे, एवढीशी काच आणि काचेत आकडा. पाऊल पडलं की आकडा वाढतो. सूनबाई ऑफिसला निघता निघता, पर्स खांद्यालाच, गुडघा टेकून बसली आणि दोघांच्या घोट्याला बांधून मोकळी झाली. मला म्हणाली, "चार आठवडे फक्त, आई. काढू नका हं. दिवसभरात किती हलतात ते बघायचंय."

किती हलतात! म्हणजे मी किती हलवते. सरळ म्हण ना बाई.

चाळीस वर्षं मी लोकांची मापं घेतली. छाती, कंबर, बाही, गळा — एका नजरेत सांगायचे, टेप नंतर. आता ही माझं माप घेणार, तेही पोरांच्या घोट्यापाशी! धाकटी जन्मली तेव्हा हिच्याच शब्दावर दुकान बंद केलं मी. 'तुमच्यासारखं कोण बघणार मुलांना' — तेव्हा आवाजात केवढी साखर होती. दुकानातून घरी आलं ते फक्त हे पायमशीन. खिडकीशी आहे. पोरं दुपारी झोपली की त्याच्याच फळीवर वही ठेवून लिहिते.

तर ठीक आहे. लक्षात ठेवीन.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दाखवतेच म्हटलं!

तीन खोल्या, चौथा मजला, खाली नुसत्या गाड्या. पळायला जागा कुठली? मी केली. टीपॉय भिंतीला, खुर्च्या पलंगावर, गादी ओढून जमिनीवर. फरशीवर शिवणाच्या खडूने गोल काढले — या गोलातून त्या गोलात उडी. मापाची टेप अंथरली — तिच्यावरून पाऊल न चुकता चालायचं. मग बटणांचा डबा घरभर उधळला. मी रंग सांगणार, पळत जाऊन ते एकच बटण आणायचं, माझ्या तळहातावर ठेवायचं, पुन्हा पळायचं.

थोरला सहा वर्षांचा. अकराला शाळेतून येतो, दप्तर टाकतो आणि जो फिरायला लागतो तो झोपेपर्यंत. म्हणून भोवरा. त्याने एकतीस बटणं आणली. धाकटी चार वर्षांची, जन्मली तेव्हा मुठीत मावेल एवढी होती म्हणून गुंडी. तिने पाच आणली आणि बसली. मग बसल्या बसल्या सरकत जाऊन आणखी दोन. आळशी कुठली! आणि उठते कशी बघावी — आधी हात जमिनीला, मग गुडघ्याला, मग मांडीला, मग कंबर सरळ. हुबेहूब मी! माझे गुडघे गेलेत, मी अशीच उठते. बघूनबघून नक्कल उचललीय पोरीने. भोवरा तर लोळून हसतो.

संध्याकाळी सूनबाईने पट्टे पाहिले. भोवरा नऊ हजार दोनशे दहा. गुंडी एक हजार नऊशे चाळीस. दोन्ही आकडे वहीत लिहिले — हो, वही केलीय हिने! गुंडीच्या आकड्याकडे पाहात राहिली. मग माझ्याकडे पाहिलं. "आई, ती दिवसभर बसूनच असते का हो?"

मी पोळ्या लाटत राहिले. तोंड उघडलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं मी.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी ओट्याशी दोघं कुजबुजत होती. मी मोरीत, दार लोटलेलं. सूनबाई म्हणत होती, "...मग आईंकडे ठेवून नाही चालणार." चिरंजीव म्हणाले, "आईला आत्ता काही बोलू नकोस."

नळ तसाच वाहात राहिला. बादली भरून सांडली तरी कळलं नाही.

म्हणजे हे आहे! आकडे कमी भरले की म्हातारी नापास, आणि पोरं पाळणाघरात. त्यासाठी पट्टे, त्यासाठी वही. पुरावा गोळा चाललाय. आणि माझा मुलगा, माझ्या हातचे कपडे घालून मोठा झालेला, मूग गिळून गप्प!

गुंडी मला विचारत होती, आजी, डोळ्यात काय गेलं? साबण म्हटलं.

माझी पोरं नेऊन तर बघा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

गंमत झाली. केवढी गंमत!

दुपारी पट्टा रुततो म्हणून गुंडी कुरकुरत होती. सोडला आणि हरवायला नको म्हणून पायडलच्या जाळीला अडकवून ठेवला. ती झोपली. मी उशीचे दोन अभ्रे शिवायला घेतले. शिवून झाल्यावर पट्टा काढते तर काय — सकाळपासून आठशे होता, तो चार हजारांवर! पायडल खाली-वर, खाली-वर, आणि पट्ट्याला वाटतंय पोरगी पळतेय.

मी हसले. एकटीच, तोंडावर पदर धरून. पोरं उठतील म्हणून. मग चादरीच्या चारही कडा पुन्हा दुमडून शिवल्या. गरज नव्हती. सहा हजार सातशे!

संध्याकाळी सूनबाईने आकडा पाहिला, पट्टा हलवून पाहिला, पुन्हा पाहिला. गुंडीला उचलून घेतलं आणि तिचे पाय कुरवाळत बसली. मी ताट वाढत होते, मान वर केली नाही.

आकडे हवेत ना? देते आकडे.

१० फेब्रुवारी, सोमवार

ठरलं. नुसतं फसवण्यात काय मजा? फसवलंय हे तिला कळलं पाहिजे, आणि चारचौघांत कळलं पाहिजे. आधी फुगू दे. वही भरू दे. सगळ्यांना सांगत सुटू दे. मग एके दिवशी सगळ्यांसमोर मशीनवरचं कापड दूर करायचं, पायडलला पट्टा अडकवायचा, पाय चालवायचा आणि म्हणायचं — ही बघा तुमची गुंडी, केवढी पळते!

तोवर गोड बोलायचं. मला येतं. गिऱ्हाइकांशी चाळीस वर्षं गोडच बोलले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

भोवरा ९४००. गुंडी ९७००. भावाच्या वर तीनशे — मुद्दाम! आज माझ्या निम्म्या पेटीचे कपडे उसवून पुन्हा शिवले. गुडघे ठणकतायत, पण हे दुखणं गोड आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सूनबाईने ड्रेसचं कापड आणून दिलं, सवडीने शिवा म्हणाली. सवडीने! शिवला आजच. आणि कंबर अर्धा इंच आवळली. जुन्या मापावर अर्धा इंच आत. घालताना श्वास कोंडू दे जरा, आरशासमोर वळून वळून बघू दे, आपण सुटलो की काय म्हणून. जेवण सोडेल चार दिवस.

हा माझा लहानसा सूड. मोठ्याला वेळ आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ड्रेस सैल झाला!

घालून आली, म्हणाली छान बसलाय आई, फक्त कमरेत थोडा ढगळा वाटतो. माझा विश्वास बसेना. टेप लावली. जुन्या मापापेक्षा दीड इंच कमी! महिन्याभरात दीड इंच. गळ्याची हाडंही वर आलीत — आत्तापर्यंत माझ्या ध्यानात कसं आलं नाही?

जात असेल कुठे व्यायामाला. स्वतःसाठी वेळ आहे बाईला. आमच्या पायांत मात्र पट्टे.

कंबर आत घेऊन दिली. नीट. कापडाशी खोटं वागता येत नाही मला दोनदा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज हिने मला विचारलं, अगदी सहज असल्यासारखं, भांडी पुसता पुसता. "आई, गुंडी तुमचीच नक्कल करते ना हो? उठताना?"

कान तापले माझे. म्हातारीच्या गुडघ्यांची चेष्टा! म्हटलं, "हो, माझीच. घरात दुसरं कोण आहे असं मोडकं?" ती लगेच म्हणाली, नाही नाही, तसं नाही, बरं झालं विचारलं. आणि चेहरा असा सुटला तिचा, ओझं उतरवल्यासारखा. मला टोमणा मारून एवढं बरं वाटतं?

हेही लिहून ठेवलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नवे खेळ काढले. रिकामी रिळं ओळीने मांडून त्यांच्यामधून नागमोडी पळायचं. चादरीची दोन टोकं धरून वर चेंडू उडवायचा. भिंतीला पाठ लावून खाली बसायचं, वर यायचं. लोळत लोळत दारापर्यंत, परत येताना बेडूक. भोवऱ्याने बेडकाच्या अकरा फेऱ्या केल्या, खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन बघून गेली.

गुंडी पंच झाली. मीच केलं तिला. शिट्टी दिली, उशीवर बसवली. तिला पळायचंच नसतं, मग कशाला कटकट? तिची पावलं टाकायला मी आहे ना!

खरं सांगायचं तर पोरगी खेळ बघून टाळ्या इतक्या पिटते की तिला उठवावंसं वाटत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी सूनबाई घरी येते तेव्हा गुंडी मांडीवरच बसून असते. उभी राहायला मागत नाही. आधी सूनबाई काळजीच्या सुरात काहीबाही विचारायची. आज वहीतला आकडा पाहून हसली. म्हणाली, "एवढं पळाल्यावर दमणारच की पोर."

दमणारच की! मला हसू आवरेना. पाणी प्यायला म्हणून आत गेले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दूधवाल्याकडून येताना जिन्यात गुंडी बसली. दुसऱ्या मजल्यावर. आजी, पाय झोपले, म्हणाली. म्हटलं उठव त्यांना. तिने खरंच पायांवर चापट्या मारल्या — उठा, उठा रे! मग कठड्याला धरून एक पायरी चढली आणि पुन्हा बसली. शेवटी कडेवर घेतली. माझे गुडघे आणि चार वर्षांचं पोर, दोन मजले! भोवरा या वयाचा असताना मला वरून हाका मारायचा.

वर येऊन पट्टा पायडलला लावला. पाय चालवताना दोनदा थांबले. का ते माहीत नाही. दोरा तुटला नव्हता.

लाडावलीय, दुसरं काही नाही. कडेवर घेणारी असली की पाय झोपतातच.

२३ फेब्रुवारी, रविवार

मुहूर्त मिळाला! पुढच्या रविवारी विहीणबाई जेवायला येतायत, सूनबाईची बहीणही. एरवी महिनोन्महिने फिरकत नाहीत, पण लेकीने आग्रहाने बोलावलंय. फोनवर सांगत होती, आई ये ना, आनंदाची बातमी असेल बहुतेक, तेव्हा सांगते.

बातमी कसली, वही वाचून दाखवणार असेल. वाच! त्यानंतर मी माझं वाचन करते.

विहीणबाईंनी लग्नात माझ्याकडे पाहून 'शिवणकाम करतात त्या' असं म्हटलं होतं. नाव घेतलं नव्हतं. अकरा वर्षं झाली. तेही त्याच दिवशी चुकतं होईल.

२६ फेब्रुवारी, बुधवार

तालीम केली. मशीन जेवणाच्या टेबलाकडे वळवून ठेवलं, पायडल सगळ्यांना दिसेल असं. निमित्त सांगितलं — उजेड चांगला येतो. चिरंजिवांनी स्वतः उचलून दिलं. बिचारा!

वाक्यं पाठ केली. आवाज चढवायचा नाही. हसत सांगायचं. आणि शेवटी — माझ्यावर विश्वास नव्हता तर सरळ विचारायचंत, पोरांना बेड्या कशाला? — इथे थांबायचं. बोलू दे मग तिला.

१ मार्च, शनिवार

सकाळी मुलगा, सून आणि गुंडी डॉक्टरीणबाईंकडे गेली. इंजेक्शनसाठी म्हणाली. सूनबाईने वही पर्समध्ये घातली. डॉक्टरांनाही दाखवायची हौस!

परत आली ती गुणगुणत. जिन्यापासून ऐकू येत होतं. आल्या आल्या माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं, आज मी करते म्हणाली. चार वर्षांत पहिल्यांदा.

उद्या. फक्त उद्यापर्यंत गुणगुण.

२ मार्च, रविवार

सगळी झोपलीत. आता लिहिते, सगळं जसं झालं तसं.

जेवणं आटोपली. विहीणबाई, त्यांची धाकटी लेक, आम्ही तिघं मोठी नि पोरं. पट्टा माझ्या मुठीत होता. गुंडीच्या पायातून सकाळीच सोडून घेतला होता, रुततो म्हणून. मी खुर्ची मागे सरकवली, मशीनकडे निघाले. तेवढ्यात सूनबाई म्हणाली, "थांबा आई. आधी मला बोलू दे. तुमचे आभार मानायचेत."

मी उभीच राहिले.

तिने आईकडे पाहून सांगायला सुरुवात केली. जानेवारीत डॉक्टरीणबाईंना गुंडीच्या पायांची शंका आली होती. उठते कशी ते पाहून. स्नायूंचं काही असू शकतं म्हणाल्या. पण घरात आजीची नक्कल करते म्हणता, तर आधी खात्री करू. चार आठवडे पावलं मोजा. भावालाही बांधा, म्हणजे तुलना होईल आणि पोरीला वेगळं वाटणार नाही. कमी भरली तर मोठ्या दवाखान्यात नेऊन सगळ्या तपासण्या. रक्त, स्नायूंची विजेवरची तपासणी, लागला तर स्नायूचा बारीक तुकडा काढून.

दोन महिने ती झोपली नव्हती. घास उतरत नव्हता. पोरीला उपचार लागले तर नोकरी सोडून घरी बसायचं ठरवलं होतं तिने. आईंच्या गुडघ्यांना पोरीला उचलणं झेपायचं नाही, म्हणून. मला सांगितलं नाही कारण माझा रक्तदाब वाढतो. चिरंजीव म्हणाले होते, नक्की कळेपर्यंत आईला नको.

दीड इंच. मी मोजला होता तो दीड इंच!

मग वही उघडली. सात फेब्रुवारीपासूनची पानं विहीणबाईंना दाखवली. भावापेक्षा जास्त! डॉक्टरीणबाई म्हणाल्या एवढी पावलं टाकणाऱ्या पोरीला काही झालेलं नाही. नक्कलच आहे. मोठ्या दवाखान्यातली तारीख घेतली होती ती रद्द केली. आता सहा महिन्यांनी सहज दाखवा.

सूनबाई रडत होती, हसतही होती. म्हणाली, "पहिले चार दिवस आकडे पाहून मी संपलेच होते. मग आईंनी खेळ काढले काय काय, आणि पोरगी पळायला लागली. मी नुसती मोजत बसले, यांनी चालवली." आणि वाकून माझे पाय धरले. हेच पाय!

विहीणबाई म्हणाल्या, तुमच्या हातात जादू आहे हो.

तेव्हा बोलायला हवं होतं. त्या क्षणी. तोंड उघडलंही. पण पाठ केलेलं सोडून एक शब्द आठवेना, आणि पाठ केलेलं सगळं तिच्यावर मारायचं होतं. मूठ उघडली नाही. पट्ट्याची कडी तळव्यात रुतली होती. खुर्चीत बसले. सगळ्यांना वाटलं आनंदाने भरून आलं.

गुंडी जमिनीवर बटणं मांडत होती. मावशीने हाक मारली तशी उठली — हात जमिनीला, मग गुडघ्याला, मग मांडीला. सगळी हसली. बघा बघा, आजी! मी हसले नाही. मी आज तिच्याकडे माप घ्यायच्या नजरेने पाहिलं, चार आठवड्यांत पहिल्यांदा. माझी नक्कल करणारं पोर माझं लक्ष असेल तेव्हा करेल. ती कुणाकडे बघत नव्हती. ओठ आवळले होते. तिला तसंच उठता येतं.

आणि हे जगात फक्त मला माहीत आहे. खरं किती चालते ते. पाच बटणं, मग बसते. जिन्यात दोन मजले. पायांना चापट्या. सगळं माझ्याच अक्षरात या वहीत आहे.

हिला धडा शिकवायचा होता. नाकावर टिच्चून. तीन आठवडे बसून, गुडघे दुखवून, एकेक पाऊल मी शिवलं — आणि त्याखाली पोरीचं दुखणं झाकून टाकलं. सूनबाईने मला एकदा तरी वाकडं बोललं होतं का? सगळं मीच बोलले, तिच्या वतीने, इथे.

सांगितलं तर पोरं जातील. हे घरही जाईल कदाचित. ती माझं तोंड बघणार नाही, आणि बरोबर असेल.

सहा महिने म्हणालीय डॉक्टरीण.

३ मार्च, सोमवार

सकाळी, ती पर्स खांद्याला लावत असताना सांगितलं. मशीनपाशी नेऊन दाखवलं. तिने एकच विचारलं, "रोज?" म्हटलं, रोज. मग ही वही तिच्या हातात दिली. उभ्याने वाचली. दवाखान्याला फोन केला — गुरुवारी, अकरा वाजता.

वही मिटून मशीनच्या फळीवर ठेवली. पट्टा पायडलवरून काढला, माझ्या हातात दिला. "तुम्हीच बांधा. तिच्या पायाला."

बांधला. दिवसभर काढला नाही. मशीनवर कापड टाकलंय.

गुंडी, आजचा आकडा : एक हजार एकशे सहा.